मावशी, मणी आणि जेली
इमारतीत पक्की बातमी आहे, की तिसऱ्या मजल्यावरची मावशी दिवसभर माणसांची काळजं चिमटते. तळमजल्यावरच्या काकू तर आवाज खाली आणून सांगतात, "चिमटते, आणि किती दुखलं ते लिहूनही ठेवते हो."

साफ खोटं. मावशी चिमटत नाही, दाबते. तेही यकृताचा तिळाएवढा काप, मिठाच्या पाण्यात बुडवलेला. दाबायला केसाहून बारीक पट्टी, तिच्या टोकाला नुसत्या डोळ्यांना न दिसणारा मणी. पट्टी किती वाकली त्यावरून काप मऊ की निबर, ते यंत्र सांगतं. आजारानं यकृत निबर होतं. नवं औषध त्याला पुन्हा मऊ करतं का, एवढंच मावशीच्या प्रयोगशाळेला बघायचं होतं.

मावशीची एक खोड. प्रत्येक कापाआधी ती जेलीचा तुकडा दाबून बघायची. त्या जेलीचा आकडा आधीच ठाऊक असतो, तो चुकला तर यंत्र चुकलं. पण काम मागे पडलं होतं, आणि प्रयोगशाळेच्या सरांनी चष्मा कपाळावर चढवून फर्मान काढलं, "बाई, सकाळी एकदा दाबली की झालं. जेली काय पळून जातेय?"

मावशीनं ऐकलं. गुरुवारी दुपारपासून सगळे काप निबर निघायला लागले, औषध दिलेलेसुद्धा. सरांनी आधी आकडे पाहिले, मग मावशीचे हात.

"वय झालं की हात जड होतात, बाई. उद्यापासून काचसामान धुवायचं बघा. यंत्रावर दुसरं कुणीतरी बसवू."

यंत्रापुढच्या खुर्चीवर बसायच्या आधी मावशीनं अकरा वर्षं बाटल्याच धुतल्या होत्या. बघून बघून, विचारून विचारून ती यंत्र शिकली होती.

ती उठली, खुर्ची सरांकडे सरकवली. "माझे हात जड ना? मग जेली तुमच्या हातानं दाबा."

सरांनी दाबली. जेली चौपट निबर. पुन्हा दाबली. तेच.

"आता हिचं वय किती धरायचं, सर?" मावशीनं विचारलं.

सूक्ष्मदर्शकाखाली मणी सापडला, आधीच्या कापांचा चिकटा अंगभर लपेटून बसलेला. त्यानं तो जाडजूड झाला होता, म्हणून सगळंच निबर लागत होतं. मावशीनं पट्टी बदलली, आधी जेली दाबली, मग काप. औषधाचे काप मऊ निघाले. खुर्चीवरून तिला कुणी उठवलं नाही.

संध्याकाळी भाचीनं, म्हणजे प्रस्तुत लेखिकेनं, सगळं ऐकून पैज लावली, की हा माणूस चूक कबूल करणं शक्य नाही.

"तोंडानं नाही करायचा," मावशी चपला काढता काढता म्हणाली. "लिहून करेल. हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद."

सोमवारी तिनं मोबाइल पुढे धरला. यंत्रावर चिकटवलेला कागद, सरांचं तिरकं अक्षर: 'प्रत्येक कापाआधी जेली दाबणे. मीसुद्धा.'

लेखिकेचे अजून बावीस दिवस बाकी आहेत.