पोतं उलटं करणारा व्याही

तळ पाहिल्याशिवाय जगातली कुठलीही वस्तू खरी न मानणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि तो नेमका माझ्याच वाट्याला व्याही म्हणून आला. धुळ्यात त्यांचं धान्याचं दुकान, जळगावात माझी डाळ मिल. पोत्यात टोकदार नळी खुपसायची, निघतील ते दाणे तळहातावर पाहायचे आणि सौदा करायचा, हा आमच्या धंद्याचा रिवाज. व्याह्यांना तो मान्य नाही. "नळीले लागनं ते नळीपुरतं खरं. बाकी पोतामा काय शे, कोन सांगी?" असं म्हणत ते बाह्या सरसावतात आणि पोतं जमिनीवर ओतायला लावतात. भरताची वांगी ते अशी निवडतात, की त्यांना लांबून येताना पाहून भाजीवाली टोपलीवर पदर टाकते. मुलगी द्यायच्या आधी घर पाहायला आले, तेव्हा चहा व्हायच्या आत गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकावले. खाली येऊन म्हणाले, "टाकी साफ शे. आते बोलूत."

मी हमालीपासून वर आलेला माणूस. माझ्या मालाला कुणी नाव ठेवलेलं मला खपत नाही. मुलांच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी एका पोत्याच्या तळाशी चार भुंगे निघाले म्हणून या गृहस्थांनी माझी तूरडाळीची अख्खी गाडी परत धाडली. व्याह्याची गाडी! ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

अशा माणसाला गेल्या वर्षी लघवीचा त्रास सुरू झाला. रक्तात प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला, म्हणून डॉक्टरांनी त्या ग्रंथीत सुई घालून ठिकठिकाणचे बारीक तुकडे काढून तपासले. कर्करोग सापडला नाही. व्याह्यांनी दुकानात पेढे वाटले. पण काही महिन्यांनी आकडा आणखी चढला आणि डॉक्टर म्हणाले, एमआरआय करून घ्या. व्याही ऐकेनात. "सुईले सापडनं नही म्हणजे नही. इषय संपना." सून माझ्यापुढे येऊन रडली. मी तडक गाडी काढून धुळ्याला गेलो.

दुकानात गिऱ्हाइकं होती, तरी मी आवाज चढवला. "माझ्या डाळीच्या वेळी नळी खोटी, आणि स्वतःच्या अंगातली सुई खरी? सुई लागली तिथं नाही निघालं. लागली नाही तिथलं काय?"

"याही, तुमी ते आजून मनमा धरी बठेल शेतस?"

"धरून बसलोय. चला, उठा."

ते उठले नाहीत. गिऱ्हाइकं गेल्यावर हळूच म्हणाले, "माले भ्याव वाटस. पोतं उलटं करं आनि काही निंघनं तं?"

"निघालं तर निवडू," मी म्हणालो. "म्हणून कुणी पोतं फेकून देतं का?"

एमआरआयच्या दिवशी त्यांनी अंगठ्या आणि चांदीचा करदोडा काढून मोजून माझ्या हातात दिले. त्या यंत्राच्या ठोक्यांतून बाहेर आल्यावर एवढंच बोलले, "तुमनी मिल बरी." ग्रंथीच्या पुढच्या भागात, जिथवर सुई पोचलीच नव्हती, तिथं एक डाग दिसला. डाग म्हणजे कर्करोगच असं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. मग त्याच जागेवर नेम धरून पुन्हा सुई घातली, आणि या वेळी कर्करोग निघाला. ग्रंथीबाहेर गेलेला नव्हता. ऑपरेशन झालं.

सध्या ते आमच्याकडेच आहेत. बारीक झालेत. सून ताटात वाढेल ते मुकाट्यानं खातात, वांग्याकडेही निरखून बघत नाहीत, आणि मला ते मुळीच आवडत नाही. पुढची रक्ततपासणी दिवाळीनंतर आहे. आम्ही दोघंही तिचं नाव काढत नाही. संध्याकाळी मी त्यांना मेहरूण तलावाकाठी फिरायला नेतो. थोडं चाललं की ते थांबतात, कठड्याला हात टेकतात.

"याही, तुमी पुढे व्हा."

"मला घाई नाही," मी म्हणतो. हे वाक्य याआधी माझ्या तोंडून कधी कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांनाही ते खोटं वाटतं, म्हणून ते माझ्याकडे पाहतात. मी पाण्याकडे बघत उभा राहतो.