डॉक्टरनं परत दिलेलं पाकीट

चहाचा कप हातात आला की आधी तो उचलून खालून बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? हडपसरच्या आमच्या कारखान्यात, माझ्या शेजारच्या लेथवर तसा एक होता. बोनसचं पाकीटसुद्धा उलटसुलट करायचा. "मागच्या बाजूला काय हाय?" हे ठरलेलं. पलीकडे आयटीच्या काचेच्या इमारती उठत होत्या, तर म्हणायचा, "एवढी काच? कायतरी लपवायचं असणार."

आम्हाला सरकारी विमा होता. पण त्यातला हार्टचा डॉक्टर ठरलेल्या दराच्या वर वेगळे पैसे घ्यायचा. शेवटी युनियननं कँटीनमध्ये मतदान ठेवलं. वरचे पैसे बंद, नाहीतर आमचा एकही माणूस त्याच्याकडे जाणार नाही.

हा उभा राहिला. "डॉक्टर पैसे सोडंल, का आपल्याला सोडंल?"

"किती मिळाले हो डॉक्टरकडून?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मला नाही हसू आलं. पुढच्याच आठवड्यात याच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायचा होता, त्याच डॉक्टरकडे. मतपेटी म्हणून बिस्किटांचा डबा होता. यानं तो उपडा करून ठोकून बघितला, मगच मत टाकलं.

ठराव झाला. डॉक्टरनं मुकाट्यानं मान्य केला. सगळे खूश, याची मात्र झोप उडाली. "वरचं मिळाल्याबिगर कोण जीव ओतून काम करतंय?" ऑपरेशनच्या सकाळी यानं गुपचूप पाकीट पुढं केलंच. मी शेजारीच होतो. डॉक्टरनं ते याच्याच खिशात परत कोंबलं. "अहो, ठेवा. आता घेत नाही मी."

झालं! हा मटकन बाकावर बसला. "संपलं रं. परत दिलं, म्हंजी ती वाचत न्हाई."

मी समजावलं, रागावलो, शेवटी चहा आणला. खालून न बघताच प्यायला. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

वहिनी वाचल्या. चांगल्या ठणठणीत झाल्या! याचा संशय तेवढा गेला नाही.

गेल्या महिन्यात हा स्वतःच गेला. भेटायला गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, इतकी वर्षं रातीचं उठून माझ्या नाकाशी हात धरायचे. श्वास चालू हाय का बघायचे. मी चिडायचे, झोपू द्या की म्हणून."

त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला.

"आता कुणी उठवत न्हाई, तर झोपच लागत न्हाई."