बारीक सुरांच्या दांड्या

त्या रस्त्यावर कुणाच्या गाडीतलं गाणं बिघडलं, की टायरवाला काळ्या हातानेच कोपऱ्याकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "कानसेनकडे जा." खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीकडे कोण बघतो? गाड्यांना स्पीकर बसवण्याचा धंदा कानसेन ऐन विशीपासून करत आले होते. दुकान असं, की एक गाडी आत शिरली की माणसांनी पोट आत घेऊन चालायचं. भिंतीवर वायरींची वेटोळी, कडेला कामाचं लांब टेबल, आणि टेबलाखाली एक स्टूल, ज्यावर बसायला कुणालाच आवडत नसे, कारण त्याचा एक पाय आखूड होता.

ऐकण्याची त्यांची एक लकब होती. गाडीत बसले की डोळे मिटायचे, डावी भुवई वर जायची आणि ओठ असे हलायचे, जणू काही चाखून बघताहेत. एक हात न बघता पेटीवर. पेटी म्हणजे इक्वलायझर. त्यावर उभ्या दांड्यांची रांग असते. डावीकडच्या दांड्या ढोलासारख्या जाड आवाजाच्या, उजवीकडच्या झांजेसारख्या बारीक आवाजाच्या. दांडी वर सारली की तो आवाज उठतो, खाली ओढली की दबतो. कानसेन एकेक दांडी केसभर सरकवत, आणि गाडीतला माणूस हळूच म्हणे, "अरे, हे वाद्य या गाण्यात आहे होय?"

त्यांच्या मुलाला मात्र या विद्येचा वाराही लागला नव्हता. तो बसच्या वेळापत्रकाच्या कचेरीत होता, आणि गाणं आणि मिक्सर यांतला फरक त्याला मिक्सर बंद झाल्यावर कळायचा. धंदा आपल्याबरोबरच संपणार, असं कानसेननी मनाशी धरून टाकलं होतं. मग सून आली. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. लग्नानंतर एक दिवस सासऱ्यांचा डबा पोचवायला म्हणून ती दुकानात आली, आणि संध्याकाळी तो डबा घरी न्यायला नवऱ्याला यावं लागलं. तेव्हापासून ती दुकानातच आहे.

सूनबाईचं काम वेगळं. हल्ली लोक गाडीत छोटा संगणक बसवून घेतात. नकाशे, गाणी, सगळं त्यातच. त्या गाड्या तिच्या वाट्याच्या. तिचा इक्वलायझर संगणकाच्या पोटात होता. ना पेटी, ना दांडी. पडद्यावर एक रेघ, ती बोटाने वरखाली करायची. ती सीटच्या मानेवर एक छोटा माइक टांगायची, स्पीकरमधून धबधब्यासारखा आवाज सोडायची आणि पडद्यावर उमटलेली वेडीवाकडी रेघ बघून ठरवायची, गाडी कुठे जास्त बोलते आणि कुठे गप्प बसते.

"झाला का पेशंटचा ईसीजी?" कानसेन विचारायचे.

"झाला, बाबा. पेशंटच्या छातीत घरघर आहे."

"मग एक दांडी खाली ओढ की."

"एका दांडीने घरघरीबरोबर गाणारीचा गळाही जाईल. मी नेमकी घरघरच कापते."

"आणि तुझा संगणक झोपला म्हणजे?"

आणि तिचा संगणक खरंच झोपायचा. एकदा तर भर चौकात, सिग्नल हिरवा व्हायच्या वेळी, त्याने स्वतःला अद्ययावत करायला घेतलं होतं आणि गिऱ्हाईक दुकानापर्यंत मुक्यानेच आलं. त्या दिवशी कानसेननी सगळ्यांना चहा पाजला. पण पेटीचंही काही कमी नव्हतं. दांड्यांच्या फटींत धूळ शिरली की हात लावताच खरखर व्हायची, आणि तेव्हा सूनबाई एक अक्षर न बोलता ब्रश आणून टेबलावर ठेवायची.

एक अक्षर न बोलता, ही त्या घराची रीतच होती. समोरच्याची चूक तोंडावर दाखवायची नाही. त्याची पाठ वळली की गुपचूप दुरुस्त करायची. कानसेन वायरींची वेटोळी उलटी घालत, ती नंतर सुलटी घाली. ती नट पिळायचे पाने जागेवर ठेवायला विसरे, ते मुकाट्याने ठेवत. कुणाचं मन दुखायचं नाही आणि कामही व्हायचं. या रीतीने कधी घात होईल, असं दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं.

त्यातच कानसेनना एक गोष्ट कुणाला सांगता येत नव्हती. थंडीत बायकोला ताप आला होता. काखेत थर्मामीटर लावून ती पडली होती आणि हे उशाशी बसले होते.

"वाजलं का हो?" तिने विचारलं.

"नाही अजून."

थोड्या वेळाने पुन्हा, "वाजलं?"

"वाजलं की सांगतो ना."

"अहो, मघाशीच वाजून थांबलं ते. मी तुमची परीक्षा बघत होते. मला काय इथे उकडून काढताय?"

बायको हसून कूस बदलून झोपली. कानसेन तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ते सुनेच्या आधी दुकानात गेले, शटर अर्धं लावून घेतलं आणि पेटीची उजवीकडची शेवटची दांडी खालून वर, वरून खाली नेऊन पाहिली. काहीच बदललं नाही. पेटी बिघडली असेल म्हणून दुसरी लावली. तीही तशीच बिघडलेली निघाली.

कान गेले तर आपण दुकानात कोण? पावत्या फाडणारे? लंगड्या स्टुलावर बसून आल्यागेल्याला पाणी देणारे? हा विचार आला की ते उठून उगीचच काहीतरी पुसायला लागत.

अशात एका सर्वेक्षक बाईंची गाडी आली. बाई जमिनी मोजायच्या कामावर. दिवसाचे बारा तास रस्त्यावर. गाडीत संगणक होताच, आणि कानसेननी पूर्वी बसवलेली पेटीही होती. बाई एका गानवृंदात गायच्या. तालमीचं ध्वनिमुद्रण गाडीत लावून त्या आपला भाग पाठ करत.

"काका, माझा आवाज खालच्या पट्टीतला," त्या म्हणाल्या. "वरच्या पट्टीतल्या बायका माझ्या डोक्यावर बसतात. आमची ओळ मला ऐकूच येत नाही. कार्यक्रम जवळ आलाय. काहीतरी करा."

गाडी दोन-चार दिवस दुकानात राहिली. सूनबाईने सकाळी माइक टांगून बारीक सुरांतली टोचणी कापली. दुपारी ती सामान आणायला गेली तेव्हा कानसेन आत बसले. त्यांना गाणं घोंगडीखालून आल्यासारखं वाटलं. त्यांनी पेटीच्या उजवीकडच्या दांड्या थोड्या वर सारल्या; पोरीला कशाला बोलायचं, नवीन आहे. सूनबाई परत आली, तिला बारीक सूर कानात टोचले. तिने पडद्यावरची रेघ आणखी खाली ओढली. बाबांना कशाला बोलायचं, वय झालंय. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दोघंही समाधानाने घरी जेवायला बसत आणि एकमेकांच्या कामाची तारीफ करत.

बाई गाडी घेऊन गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी परत आल्या.

"गाणं ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण गाडीत साप सोडलाय का तुम्ही? गाणं थांबलं की सूंऽऽ, सुरू असलं तरी मागे सूंऽऽ. कालपासून मी सीटखाली बघून बसते."

सूनबाई गाडीत शिरली, गाणं बंद केलं आणि म्हणाली, "हो, आहे. बाबा, ऐका."

कानसेन शेजारी बसले. डोळे मिटले, भुवई वर गेली. त्यांना टायरवाल्याचा पंप ऐकू आला, सीटकव्हर शिवणाऱ्याची मशीन ऐकू आली, समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी झटकत होतं तेही ऐकू आलं. साप काही ऐकू आला नाही.

"हां," ते म्हणाले. "आहे खरं थोडं."

सूनबाईचं बोट पडद्यावर गेलं. "आता?"

"आता गेलं. बघ, बरं वाटतंय."

तिचं बोट पडद्यावर नुसतं टेकलेलं होतं; तिने अजून काहीच हलवलं नव्हतं. त्यांना फसवायचं तिच्या मनातही नव्हतं. तिने बाईंना गाडी ठेवून दोन दिवसांनी यायला सांगितलं आणि चहा आणायला निघून गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

आली तेव्हा कानसेन गाडीच्या दारातून वाकून पेटीकडे बघत होते. उजवीकडच्या दांड्या पार माथ्याला टेकलेल्या. पडद्यावर सुनेची रेघ त्याच जागी तळाला गेलेली. संगणक जे दाबत होता ते पेटी उपसून वर काढत होती, आणि त्याबरोबर यंत्रांच्या आतली सूं सूंही. दोघं एकच गाडी ढकलत होते. एक पुढून, एक मागून.

"तू का नाही बोललीस?" कानसेननी विचारलं.

"तुम्ही का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुला कमी ऐकू येतं."

सूनबाईला हसू आवरेना. चहा बशीत सांडला. कानसेनही हसले, आणि हसता हसताच त्यांनी थर्मामीटरचं, अर्ध्या शटरचं, बिघडलेल्या दोन पेट्यांचं, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "आता तूच सांग, मी दुकानात यायचं कशाला?"

"ते उद्या ठरवू," ती म्हणाली. "आधी कान मोजून येऊ. गाडी न मोजता आपण कुठे बोलतो?"

दुसऱ्या दिवशी कान तपासणाऱ्या बाईंनी कानसेनना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. नंतर कागद हातात दिला. डावीकडून एक रेघ छान सपाट येत होती, आणि उजवीकडे कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली जात होती.

कानसेन कागदाकडे बघत राहिले. "ही तर माझी पेटी आहे," ते म्हणाले. "उजवीकडच्या दांड्या कुणी ओढल्या?"

"वयाने," तपासनीस बाई म्हणाल्या. "पण डावीकडचं आणि मधलं बघा. तुमच्या वयाला इतकं चांगलं मी फार कमी बघते. बोलणं-चालणं सगळं त्यातच येतं, त्यामुळे आज यंत्राची गरज नाही. लागलं तर पुढे बघू."

"यंत्र कसलं असतं?"

"बोटाच्या पेराएवढं. आत छोटा संगणकच असतो. या रेघेप्रमाणे त्यात सगळं बसवून देतो."

सूनबाई छताकडे बघायला लागली.

"हसू नकोस," कानसेन म्हणाले. मग बाईंना अगदी गंभीरपणे विचारलं, "दांड्यांचं नाही का मिळत?"

"मिळालं तरी कानाला लटकवायला जड जाईल, काका."

सर्वेक्षक बाई ठरल्या दिवशी आल्या तेव्हा गाडीत दोघं बसलेले होते. सूनबाई पुढे, कानसेन मागे. सूनबाईने आपली रेघ पुन्हा पहिल्यापासून काढली होती, आणि गाडीचा स्वतःचा जो दोष होता तेवढाच कापला होता. पेटीच्या सगळ्या दांड्या मधोमध आणल्या होत्या. बाई चाकामागे बसल्या. सूनबाई खाली उतरून खिडकीशी उभी राहिली.

"बाबा, साप गेला का?" तिने सवयीने विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

कानसेन पुढे वाकले. मग ते बाईंना म्हणाले, "ते मला विचारू नका. मला तो आधीही ऐकू येत नव्हता. माझे वरचे सूर गेलेत. तुम्हीच सांगा."

बाईंनी मान तिरकी करून ऐकलं. "मलाही आता ऐकू येत नाही. म्हणजे गेलाच असेल." त्या वळून म्हणाल्या, "पण काका, माझी ओळ?"

तालीम सुरू झाली. वरच्या पट्टीतल्या बायका डोक्यावर बसल्याच होत्या. कानसेननी मागून हात लांब करून पेटी चाचपली. डोळे मिटले. डावीकडून मोजत एका दांडीवर थांबले, ती केसभर खाली घेतली. तिथे पुरुषांचे आवाज गाडीच्या दारात घुमत होते. मग तिच्या शेजारचीला तेवढीच वर सारली. खालच्या पट्टीतल्या बायकांची ओळ त्या गर्दीतून वाट काढत पुढे आली, आणि बाई एकदम ताठ बसल्या. दुसऱ्या कडव्याला त्या गायलाच लागल्या.

सूनबाई खिडकीत वाकली. "रेघेत हे मला दिसलं नव्हतं, बाबा."

"तुला दिसलं असतं. तू साप शोधत होतीस, एवढंच."

"हो, मी वरच्या टोकाकडेच बघत बसले होते."

गाडीची शेपटी टायरवाल्याच्या दारात आली होती. तो कमरेवर हात ठेवून आला. "अहो, माझं गिऱ्हाईक आत कसं यायचं?" असं म्हणता म्हणता तोही खिडकीत वाकला. कडवं संपेपर्यंत हलला नाही. मग कानसेनना विचारलं, "काय बिघडलं होतं गाडीचं?"

"गाडीचं काही नाही. माझे कान आणि घरची रीत."

टायरवाल्याला काही कळलं नाही. "मग झालं का दुरुस्त?"

"रीत झाली," कानसेन म्हणाले.

बाई गेल्यावर त्यांनी टेबलावरची आपली जुनी पेटी पुढे ओढली, खणातून काळी चिकटपट्टी काढली आणि उजवीकडच्या शेवटच्या तीन दांड्यांवर आडवी लावून टाकली.

"या तुझ्या," ते सुनेला म्हणाले. "यांना मी हात लावताना दिसलो तर तोंडावर सांगायचं. पाठ वळायची वाट बघायची नाही."

"सांगेन." तिने पट्टीवरून अंगठा फिरवला. "मग आत्ताच एक सांगू?"

"काय?"

"तुम्ही वायरींची वेटोळी उलटी घालता. मी आल्यापासून रोज सुलटी करतेय."

कानसेननी भिंतीकडे पाहिलं. मग एक वेटोळं खाली उतरवलं, तिच्या हातात दिलं आणि स्टूल ओढून समोर बसले. "दाखव," ते म्हणाले.