ओमेश्वरीची फिरंग

ओमेश्वरी बिसेन गोंदिया आगारात कंडक्टर होती. कोहमाऱ्याची गाडी बहुतेक तिच्याकडेच असे. २००७ च्या उन्हाळ्यात ती नणंदेला, रिंकीला, घनश्याम पटले गुरुजींच्या आखाड्यात घालायला गेली. रिंकीनं आठ दिवसांत आखाडा सोडला. ओमेश्वरी मात्र राहिली. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.

गुरुजी रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना वेड फिरंगीचं. फिरंग म्हणजे जुन्या काळची लांब, सरळ तलवार. तिची पाती समुद्रापलीकडून येत. ती गरागरा फिरवण्यापेक्षा नेमकी खुपसायची असते, असं गुरुजी सांगत. आखाड्यात पातं बोथट, टोकाला रबराची गोळी, तोंडावर जाळीचा मुखवटा.

दोन वर्षं ओमेश्वरी हरतच होती. दंडात ताकद होती, दम होता, पण तिचं टोक पोचेपर्यंत समोरचा बाजूला झालेला असे. एका संध्याकाळी गुरुजींनी तिला थांबवलं.

"तुहा पाय आधी जाते, हात मागून. समोरच्याले चिठ्ठी धाडून मारून राहिली का तू?"

आधी हात, मग पाय. ऐकायला सोपं होतं, पण अंग ऐकेना. गाडीनं ब्रेक मारला की कंडक्टरचा पाय आधी पुढे पडतो, नाहीतर तो आपटतो. सात वर्षांची सवय होती ती.

मग तिनं ओसरीच्या आढ्याला दोऱ्यानं एक बांगडी टांगली. रोज ड्युटीआधी ती बांगडीतून टोक काढायची. सासू सुंदरबाई तिथंच तांदूळ पाखडत बसे. तिनं जन्मात तलवार हातात धरली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं सुपातून मान वर केली.

"खांदा हालते तुहा. मारायच्या आधीच दिसते."

ओमेश्वरीला राग आला. ती तशीच ड्युटीवर गेली. वाटेतलं गोरेगाव येईपर्यंत तिला पटलं की सासू बरोबर बोलली. दुसऱ्या दिवशी तिनं सासूला सुपासकट समोर बसवलं आणि सांगितलं, वार येणार हे कळलं की 'दिसला' म्हणा.

सुंदरबाईनं ते काम मनावर घेतलं. रोज पन्नास वार, पन्नास वेळा 'दिसला'. कधी खांदा, कधी गुडघा, एकदा तर भुवई. ओमेश्वरीनं वेग सोडून दिला. महिनाभर पाय हलवलाच नाही. नुसता हात सरळ करायचा, थांबायचं, परत घ्यायचा. पुढच्या महिन्यात त्याच्यामागून पाऊल. नवरा धनेंद्र राईस मिलमधून येऊन दोघींकडे बघत उभा राहिला, तर आईनं त्याला मधून बाजूला व्हायला सांगितलं.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी टोक बांगडीतून आरपार गेलं आणि सुंदरबाई गप्पच. ओमेश्वरीनं विचारलं, दिसला नाही का?

"मारलं कवा?" सुंदरबाई म्हणाली.

जानेवारी २०१० मध्ये नागपुरात जुन्या शस्त्रांच्या खेळांचा मेळावा भरला. ओमेश्वरी चार लढती जिंकून अंतिम फेरीत गेली. समोर कोल्हापूरची उंच पोरगी, दहा वर्षांनी लहान. आधी पाच गुण करील ती जिंकणार. बघता बघता पोरगी तीन-शून्यनं पुढे गेली. ओमेश्वरी दोन पावलं मागं सरली, खांदे सैल सोडले, आणि आखाड्यात इतके दिवस हुकलेली टोकं एकामागून एक लागू लागली. चार-चार. पोरीनं पातं उचललं. तेवढ्यात ओमेश्वरीचा हात सरळ झाला, पाऊल मागून पडलं, आणि रबराची गोळी पोरीच्या बरगडीवर टेकली. पंचाचा झेंडा वर गेला. गुरुजी खुर्ची पाडून उठले.

पोरीनं मुखवटा काढला. घाम पुसत ती जवळ आली.

"ताई, तो शेवटचा वार परत दाखवाल का?"

ओमेश्वरीनं दाखवला. हळू, तीन वेळा. पंचही जवळ येऊन बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती कोहमाऱ्याच्या गाडीवर हजर होती. ड्रायव्हर कवडू प्रत्येक थांब्यावर खिडकीतून मान काढून सांगत होता की नागपूर जिंकलेली बाई आपल्या गाडीत आहे. तिनं त्याला दोनदा दटावलं. तिसऱ्या थांब्यावर मात्र ती तिकिटं देता देता हसतच राहिली.