डोंगरावर धरलेलं टेबल

सिंगापूरला राहून माणसाला एक वाईट खोड लागते. ऑर्डर दिली की पाच मिनिटांत ताट समोर येणार, हे आपण गृहीतच धरतो. हॉकर सेंटरला, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, गेलं की आधी टिश्यूचं पाकीट नाहीतर पिशवी टेबलावर टाकायची, की झालं टेबल आपलं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांची आम्ही लेकरं, आम्हाला हे शिकवावं लागलं नाही. एकदा टेबल धरलं की माझा नवरा शर्ट जरासा वर करून पोटात इन्सुलिन टोचून घेतो आणि रांगेत जाऊन उभा राहतो. रॅफल्स प्लेसला त्याच्या बँकेतले लोक आता त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

त्या वर्षी जूनच्या सुट्टीत आम्ही स्वित्झर्लंडला गेलो. आम्ही दोघं आणि आमची मुलगी, तेव्हा सातवीत होती. बुकित तिमाहच्या आमच्या कॉन्डोतलं झाडून प्रत्येक मराठी कुटुंब ज्या बर्फाच्या शिखरावर जाऊन, त्याच कठड्याला टेकून फोटो काढून आलंय, तिथे जायचं नाही, असं नवऱ्याने जाहीर केलं. "तिथे वर समोसे मिळतात म्हणे. समोसे खायला लिटिल इंडिया काय वाईट आहे?" मग कुठूनतरी एक डोंगर शोधून काढला. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगा. छोटीशी केबल कार, वर एक खानावळ, कुरणं आणि माथ्यावर एक लाकडी क्रॉस. त्याचं नाव घ्यायला माझी जीभ अजून वळत नाही. हट्टाला औषध नसतं, म्हणून मी बॅगा भरल्या.

वर पोचलो तेव्हा छान ऊन होतं. अंगणात टेबलं मांडलेली, त्यातली बहुतेक रिकामीच. तरी नवऱ्याने पिशवी टाकून टेबल धरलं. पिशवीत आमची जाकिटं, पाणी, बिस्किटं आणि त्याच्या ग्लुकोजच्या गोळ्या. खानावळीच्या बाईंना बटाट्याचा कुठलासा पदार्थ सांगितला आणि त्या वळतात न वळतात तोच याने टोचूनही घेतलं. बाई दारातून मागे वळून म्हणाल्या, स्वयंपाकघरात मी एकटीच आहे, वेळ लागेल.

"अरे, मग बिस्किट तरी खा," मी म्हटलं.

"अगं, येईल आत्ता. तोवर क्रॉसपाशी जाऊन येऊ. समोर तर दिसतोय."

"पिशवी?"

"राहू दे, टेबल जाईल."

टेबल जाईल! कोण नेणार होतं तिथलं टेबल? पण पिशवी टेबलावर सोडून जायचं इतकं अंगवळणी पडलेलं, की मीही मुलीला घेऊन उठले आणि निघाले.

समोर दिसणारी वस्तू डोंगरात समोर नसते, हे आम्हाला चालायला लागल्यावर कळलं. क्रॉसपाशी पोचलो, फोटो काढले, आणि वळलो तर खानावळ नव्हती. दरीतून धुकं वर आलं होतं. लोणावळ्याचं धुकं मला ठाऊक आहे, त्यात कणीस खातात. हे तसलं नव्हतं. हात लांब केला तर बोटं पुसट दिसत होती. खानावळीपासून वाटेच्या कडेने आलेलं, गुरांसाठी घातलेलं तारेचं कुंपण तेवढं जवळ होतं. दुसऱ्या बाजूला गवत खाली खाली जात होतं आणि मग काहीच नव्हतं.

"थांबू या, जाईल धुकं," मी म्हटलं. नवरा काही बोलला नाही. हा माणूस आणि गप्प? मी त्याचा हात धरला. एवढ्या गारठ्यात तळवा घामाने चिंब. कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो शर्टाच्या एकाच बटणाशी चाळा करत होता. उपाशीपोटी घेतलेल्या इन्सुलिनने साखर उतरत होती, आणि उतरणाऱ्या साखरेवरचा इलाज त्या टेबलावर जागा धरून बसला होता.

मी जिवाच्या आकांताने हाका मारल्या. आवाज कापसात गेल्यासारखा विरून गेला. मुलगी रडकुंडीला येऊन तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, सिट डाउन लाह, प्लीज!" तो बसेना. हात सोडवू लागला आणि मला म्हणाला,

"ताई, जरा वाट सोडा."

एरवी नवऱ्याने ताई म्हटलं असतं तर मी आयुष्यभर त्याला चिडवलं असतं. तेव्हा कळलं, साखर इतकी उतरली होती की त्याला मी ओळखूच येत नव्हते.

"अरे, मी आहे! माझ्याकडे बघ!"

"तुमचं बरोबर आहे हो ताई. पण माझी बायको तिकडे टेबलापाशी एकटी बसलीय. मला जायला हवं." आणि तो उताराच्या दिशेने निघाला.

मी मागून त्याचा पट्टा धरला. तो माझ्यापेक्षा दणकट, मी गवतावरून घसरत त्याच्यामागे ओढली गेले. तो माझ्यापासून हात सोडवून माझ्याकडेच निघाला होता, आणि मध्ये दरी होती. देवा, एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

मग कसं सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "अहो भाऊ, तुमच्या बायकोनेच मला पाठवलंय. इथेच बसा म्हणाली. ती येतेय."

तो थबकला. "असं म्हणाली?"

"हो. हलायचं नाही म्हणाली."

"मग बसायला हवं," तो म्हणाला आणि चक्क खाली बसला. "फार चिडते हो ती."

मुलीला मी तारेच्या आधाराने खानावळीकडे मदत आणायला पाठवलं. सांगितलं, तारेवरचा हात काढायचा नाही, तार संपली तर परत फिरायचं. एकाला धरून ठेवण्यासाठी दुसरीला धुक्यात सोडत होते. ती दोन पावलांत दिसेनाशी झाली. मी तिला हाक मारत राहिले, ती ओ देत राहिली, मग ओ ऐकू येईना. नवऱ्याचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं. मी त्याच्या गालावर चापट्या मारत होते, बोलत होते, नवस बोलत होते. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.

आधी खानावळीच्या बाईंचा आवाज आला. मागून तारेला धरून मुलगी. बाईंनी सफरचंदाचा गोड रस आणला होता. निम्मा त्याच्या शर्टावर सांडला, निम्मा घोटाघोटाने पोटात गेला. हळूहळू त्याच्या डोळ्यांत ओळख आली. "अगं, रडतेस काय?" तो म्हणाला. मी त्याला सणसणीत शिवी दिली आणि त्याच्या गळ्यात पडले.

परतीच्या केबल कारमध्ये मुलगी त्याला बिलगून झोपली. क्रॉसपाशी फोटो काढल्यानंतरचं त्याला फारसं काही आठवत नव्हतं. काचेबाहेर बघत तो हळूच म्हणाला, "कुणी एक बाई होत्या गं तिथे. माझा पट्टा धरून ठेवला होता त्यांनी, सोडायलाच तयार नव्हत्या. त्यांना थँक यू म्हणालीस ना?"

"म्हणाले," मी म्हटलं.