पडद्यापुढचा खटला

“हात वर करा. मागच्या रांगेला दिसत नाही.”

मी हात वर केला. उजवा. त्याची दोन बोटं गिरणीच्या मागाच्या दातेरी चाकात गेली होती. पुढच्या खुर्च्यांवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

मला वाटत होतं, हे कोर्ट आहे.

वकिली शिकणारी पोरं सुट्टीत सोलापुरात घरी यायची. रविवारी एका ओसरीवर बसून आम्हा गिरणीवाल्यांना फुकट सल्ला द्यायची. कामावर इजा झाली तर मालकाकडून भरपाई मिळते, असा नवा कायदा आहे, हे मला त्यांनीच सांगितलं. अर्ज लिहिला. मी डाव्या हातानं सही केली. म्हणाले, “शनिवारी संध्याकाळी तुमचा खटला चालवतो. या.” बायको त्याच गिरणीत होती. तीच माझी साक्षीदार. दिवसा तिची पाळी, म्हणून संध्याकाळी ठेवला असेल, असं मी धरलं. धुतलेलं धोतर नेसून गेलो.

न्यायाधीश म्हणजे काळ्या झग्यातला पोरगा. त्याच्या मागच्या पडद्यावर राजवाडा रंगवलेला. तरी मला कळलं नाही.

माझ्या बाजूचा पोरगा ओरडला, “या गरिबाचा पंजा गेला हो, मायबाप!”

मी म्हणालो, “पंजा नाही. दोन बोटं. खोटं सांगू नका, दावा फेटाळतील.”

सगळे हसले. मी खरं बोललो होतो आणि ते हसत होते.

गिरणीच्या बाजूचा उठला. “झोप लागली होती, की आदल्या रात्रीची उतरली नव्हती?”

पुन्हा हशा. पहिल्या रांगेत आमचे मॅनेजर. पोट धरून हसत होते.

पाळी संपवून आलेली बायको खालून ओरडली, “आवो, उतरा खाली! नाटक हाय हे. दारात तिकटं फाडायलेत.”

झगेवाल्यानं निकाल दिला. दावा नामंजूर. टाळ्या. मॅनेजरनी उठून फुकट सल्ल्याच्या फंडाला देणगी जाहीर केली. आणखी टाळ्या. एका पोरानं माझ्या हातात नारळ दिला.

मी विचारलं, “माझा खरा अर्ज दिलात ना?”

“अजून नाही, मामा. साहेबांशी बोलून मिटवू की. चिडता कशाला? फुकट तर केलं सगळं.”

अर्ज द्यायच्या मुदतीचे चारच दिवस उरले होते.

पोरगा घामानं भिजलेला, खूश. तो दुष्ट नव्हता. त्याचीच मला जास्त किळस आली.

मी नारळ त्याच्या पायाशी ठेवला. अर्ज न्यायाधीशाच्या टेबलावर होता. माझाच. खोट्या खटल्यात खरा कागद. त्यावर चहाचा डाग. मी तो उचलला.

मॅनेजर म्हणाले, “कामावर परत यायचंय ना?”

“यायचंय. पण अर्ज देऊन.”

रस्त्यात बायको म्हणाली, “आता कामावर न्हाय घेणार. मलाबी काढतील की.”

“काढतील,” मी म्हणालो. ते मी धरूनच चाललो होतो.

तिनं माझ्या हातातला अर्ज दिव्याखाली धरून पाहिला. मग म्हणाली, “डाग पुसू नका त्यावरला. तसाच द्या.”

सोमवारी अर्ज मी देणार. साक्ष मी देणार, ती देणार. आमच्या वतीनं दुसरं कुणी तोंड उघडणार नाही. आणि तिथं कुणी हसलं, तर न्यायाधीशाला सांगणार, हेही लिहून घ्या.