सात ते साडेसातचा नेम

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. दुपारी बोलता बोलता एकेक वात वळून डब्यात टाकावी आणि एक दिवस पाहावं तर डबा झाकणापर्यंत आलेला, तसं होतं त्यांचं. आमच्या दिग्रसच्या घरात असेच सात महिन्यांचे किस्से साठले. भजनी मंडळात आता नुसतं "सात वाजले" म्हटलं तरी बायका तोंडाला पदर लावतात!

पण तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आधी तेवढं सांगते.

माझी मुलगी मधुरा हॉलंडमध्ये असते. दोनदा तिच्या पोटातलं बाळ टिकलं नव्हतं. तिसऱ्या वेळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच महिन्यात बजावलं, बाथरूमपुरतं उठायचं, बाकी पूर्ण वेळ पडून राहायचं. जावई विजय सकाळी कामावर जायचे आणि ही एकटी छताकडे बघत पडायची. मी निघणारच होते, पण यांची नागपूरला नुकतीच बायपास झालेली. त्यांना सोडून जाणं शक्यच नव्हतं. एक दिवस फोनवर म्हणाली, "आई, दुपार जात नाही गं. नको ते सगळं दुपारीच आठवतं."

तिचे दुपारचे अडीच म्हणजे आपले संध्याकाळचे सात. सातला आमच्याकडे जी मालिका लागते, ती मधुरा लग्नाआधी माझ्या मांडीवर डोकं ठेवून बघायची. ती लग्न होऊन गेली, मालिका आहे तिथेच आहे! तिकडे मात्र ते अ‍ॅप उघडलं की पाटी येते, 'हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही.' तिचा देश कोणता, हे त्या पाटीला कोण सांगणार?

मी सोळा सोमवार केलेत, संकष्टी आजवर मोडली नाही. देवासमोर बसले आणि पाणी सोडलं. बाळ सुखरूप येईपर्यंत रोज सात ते साडेसात फोन टीव्हीसमोर धरून मधुरासोबत बघायचं. सोमवार ते शनिवार मालिका, रविवारी जुना सिनेमा. एक दिवसही खंड नाही.

*

पहिल्या दिवशी टीव्हीसमोर पूजेचा चौरंग मांडला. त्यावर तांब्या, तांब्याला टेकवून फोन. सवयीनं उदबत्तीसुद्धा लागली! अर्धा तास मन लावून बघितलं. संपल्यावर विचारलं, "नीट दिसलं ना गं?"

"मस्त दिसलं. आत्याबाईचं बिंग फुटलं ना? आणि शेवटी शर्वाणी रडली?"

शर्वाणी म्हणजे मालिकेतली सून आणि आत्याबाई म्हणजे तिच्या मुळावर उठलेली बाई.

"हो तर! अगदी बरोबर!"

"आई, कॅमेरा उलटा होता. मला अर्धा तास तूच दिसत होतीस."

नेमाच्या पहिल्याच दिवशी चूक! मला रडूच यायला लागलं. "अगं, मग सांगायचं नाही का?"

"कायले सांगू? महिन्याभरात पहिल्यांदा दुपार लवकर गेली."

*

शेजारच्या कमलताई आमच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. त्यांना हा नेम पसंत नव्हता. "हरिपाठाच्या वेळेला मालिका? शोभतं का आपल्याला?" मी ऐकून घ्यायचे, पण सात वाजता उठायचे ते उठायचेच.

एका शुक्रवारी आमच्याकडे लक्ष्मीची कथा होती. कथा लांबली आणि संपता संपता सात वाजले. बायकांच्या हातात अजून अक्षता होत्या. मी आरतीआधीच टीव्ही लावला, फोन लावला. कमलताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की बास!

पडद्यावर शर्वाणीचं लग्न लागत होतं. त्याच नवऱ्याशी, दुसऱ्यांदा. अंतरपाट खाली आला, वाजंत्री वाजली आणि पहिली मूठ कमलताईंची सुटली! त्यांच्यामागून सगळ्यांच्या. चौरंग, तांब्या, फोन, सगळीकडे तांदूळच तांदूळ.

फोनमधून मधुरा ओरडली, "काकू, अर्ध्या अक्षता माझ्याच तोंडावर!"

"मग लागल्या म्हण आशीर्वाद," कमलताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून हरिपाठ साडेसातला सुरू झाला.

*

आमच्या भागात संध्याकाळी लाइट जायची. दोनदा ऐन सातला गेली. दोन्ही वेळा मी मेणबत्तीच्या उजेडात फोन धरून मधुराला मागच्या भागाची उजळणी सांगितली, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

हे तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. त्यांचा आयुष्यात एकाच गोष्टीवर विश्वास, अर्ज! त्यांनी फुलस्केप घेतला, समास आखला आणि लिहिलं, 'विषय : सायंकाळी सात ते साडेसात अखंड वीजपुरवठ्याबाबत.' तीन प्रती काढल्या. गळ्याला मफलर गुंडाळून स्वतः वीज ऑफिसात गेले.

तिथल्या लाइनमननं अर्ज उभ्या उभ्या वाचला.

"काकाजी, कारण लिहिलंच नाही तुम्ही. सातले असं काय हाय?"

यांनी खाकरून सांगितलं, "मुलगी परदेशात आहे. तिला... ती एक मालिका दाखवायची असते."

"ते शर्वाणीवाली? घेऊन जा अर्ज वापस! तवा लाइन गेली तर माही बायकोच मले घरात घेत नाही. दोनदा ओट्यावर बसून जेवलो मी!"

त्या हिवाळ्यात सातला पुन्हा लाइट गेली नाही. का गेली नाही ते देव जाणे आणि लाइनमनची बायको.

*

मधुराला तपासायला एक नर्स घरी यायची. उंच, कमी बोलणारी. एकदा ती आली तेव्हा मालिका ऐन रंगात होती आणि मधुराच्या डोळ्यांना धार लागलेली. नर्स घाबरली. घरी काही वाईट घडलं का, म्हणून विचारू लागली. मधुरानं फोन दाखवला. नर्सनं रक्तदाब मोजला. मग पुन्हा मोजला. रोजच्यापेक्षा चांगला!

पुढच्या खेपेला बाई बरोबर अडीचला हजर. खुर्ची ओढून बसली. मधुरा तिला एकेक वाक्य समजावून देत होती. पंधरा मिनिटं नर्सनं सहन केलं, मग म्हणाली, "मला एवढंच सांग, या आत्याला अजून कुणी पोलिसांत का दिलं नाही?"

आम्ही इतकी वर्षं बघतोय, आम्हाला कुणालाच हे सुचलं नव्हतं!

*

विजयच्या आई सोनाबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावर राहतात. घरची शेती, बोली गोरमाटी. मधुरा त्यांना विजयसारखंच 'याडी', म्हणजे आई, म्हणते. लग्नाच्या वेळी आम्हा दोघींचं फारसं जमलं नव्हतं, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्याकडे फोनला रेंज नाही, म्हणून सुनेला बघायला त्या दर पंधरवड्याला पुसदला एसटी बदलून आमच्याकडे येऊ लागल्या. येताना पिशवीत कधी हरभरा, कधी गावरान अंडी. अंडी माझ्या स्वयंपाकघरात येत नाहीत, ती कमलताईंच्या सुनेकडे जायची.

मधुराला पाचवा लागला आणि मालिकेत शर्वाणीलाही दिवस गेले. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होते. आणि एका सकाळी उद्याच्या भागाची झलक दिसली. शर्वाणी जिन्यावरून पडते, दवाखाना, डॉक्टर मान खाली घालतात. पुढचं मी लिहीतही नाही.

दाखवावं तर लेक तिकडे एकटी, पोटुशी. न दाखवावं तर नेम मोडतो, आणि नेम काही मालिकेसाठी नव्हता, पोटातल्या बाळासाठी होता. कमलताईंनी देवाला हात जोडले. नेमक्या तेव्हा आलेल्या सोनाबाई तेवढ्या शांत.

"तुमी फोन लावा इहीनबाई. बाकी मी पाहून घेतो."

दुसऱ्या दिवशी सातला मी टीव्ही लावला, आवाज बंद केला. सोनाबाई चौरंग आणि टीव्हीच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हातांनी पदर पसरलेला, फोनकडे तोंड.

"याडी, बाजूले सरक न! काहीच दिसून नाही राह्यलं!"

"दिसाले काय हाय त्यात? मी सांगतो न तुले. ते शर्वाणी वावरात गेली."

"वावरात? ती पुण्यात बंगल्यात राहते!"

"राहत असन. आज वावरात गेली. हरभऱ्याचे घाटे सोलून राह्यली. सासू म्हणते, बस कर व माय, थकशीन. आता भाकर खाऊन राह्यली."

"आणि आवाज काहून बंद हाय?"

"जेवताना कोणी बोलते का?"

अर्धा तास! सोनाबाईंच्या शर्वाणीनं दोन भाकरी खाल्ल्या, वर दूध प्यायली आणि निंबाखाली झोपली. पडद्यावर मागे काय चाललं होतं ते आम्ही कुणीच पाहिलं नाही. साडेसातला फोन ठेवल्यावर मी कमलताईंना भीत भीत विचारलं, "मोडला का हो नेम?"

कमलताईंनी डोळे मिटून विचार केला. "टीव्ही सुरू होता, फोन समोर होता. मधे माणूस उभं राहिलं त्याला तू काय करणार?"

सोनाबाईंच्या पुढच्या खेपेला मालिकेतच उघड झालं, शर्वाणीला काही झालंच नव्हतं. आत्याबाईनं रिपोर्ट बदलले होते! त्या रात्री सोनाबाई माझ्या ताटात वाढता वाढता म्हणाल्या, "मी त कवाच सांगितलं होतं, ते वावरात हाय म्हणून."

*

त्या प्रकारानंतर यांनी सूत्रं हातात घेतली. एरवी हे फक्त बातम्या बघणारे. पण तोच भाग अ‍ॅपवर सकाळीच बघायला मिळतो असं कळल्यापासून चहा झाला की चष्मा लावून मोबाइलसमोर बसू लागले. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर शेरा लिहून पान देवघराच्या दाराला टोचायचे. खाली सही, तारीख.

'भाग पाहिला. आत्याबाईचे वर्तन आक्षेपार्ह, परंतु प्रकृतीस अपाय नाही. दाखवण्यास हरकत नाही.'

'भाग पाहिला. भांडण मोठे आहे. आवाज कमी ठेवून दाखवण्यास हरकत नाही.'

एक दिवस शेरा लवकर येईना. त्या भागात शर्वाणीचे वडील तिला भेटायला जातात आणि दारातूनच परत फिरतात, एवढं मला झलकेवरून ठाऊक होतं. दुपारी पान टोचलेलं दिसलं.

'दाखवण्यास हरकत नाही. मात्र मी अंगणात बसेन.'

*

मार्च संपताना एका रविवारी मधुराचा फोन सहालाच आला. "आई, टीव्ही लाव, अडीच वाजले!"

"अगं, आत्ता कुठे सहा. मी कणीक मळतेय."

मग उलगडा झाला. तिकडे उन्हाळा आला की सरकारी हुकमानं सगळ्यांची घड्याळं तासभर पुढे जातात. मधुराच्या फोनचा अलार्मही निमूट पुढे गेला होता! हे ऐकून कमलताईंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे त्यांच्याकडे हुकूम निघाला की सूर्य ऐकतो?"

त्या दिवशी आम्ही तासभर फोन तसाच चालू ठेवला. फोन पोळपाटासमोर, मी पोळ्या लाटतेय, ती तिकडून बघतेय. सातला सिनेमा लागला तर मधुरा म्हणाली, "आता हा नसता लागला तरी चाललं असतं."

"गप! नेम तो नेम," मी म्हटलं आणि हात धुऊन फोन चौरंगावर नेऊन ठेवला.

*

नववा लागला. सोनाबाई कपड्यांची पिशवी घेऊन मुक्कामालाच आल्या. आणि एका दुपारी विजयचा फोन आला, मधुराला दवाखान्यात नेलंय. तारखेला अजून अवकाश होता.

साडेसहाला पुन्हा फोन. आत घेतलंय. कमलताई जपमाळ घेऊन आल्या. हे येरझाऱ्या घालत होते, मग छातीवर हात ठेवून खुर्चीत बसले. सोनाबाईंनी जमिनीवर बसून त्यांच्या बोलीत देवीशी काहीतरी बोलायला सुरुवात केली होती. देवीला दम देत होत्या की विनवत होत्या, मला कळेना.

सातला पाच मिनिटं कमी असताना विजयनं व्हिडिओ कॉल लावला. फोन कुठेतरी कडेला ठेवला असावा, आम्हाला नुसतं पांढरं छत दिसत होतं. आणि मधुराचा आवाज आला, तुटक तुटक, दम लागलेला.

"आई, टीव्ही लाव."

"अगं, आज कशाचा टीव्ही!"

"लाव म्हणतो न! ऐकू येऊ दे मले."

यांनी उठून टीव्ही लावला, आवाज वाढवला. मी फोन चौरंगावर नेहमीच्या जागी ठेवला. मालिका सुरू झाली. शर्वाणी काय म्हणाली, आत्याबाई काय म्हणाली, आम्हा चौघांपैकी कुणालाही सांगता येणार नाही. सगळे त्या छताकडे बघत होतो. तिकडून धावपळ ऐकू येत होती, परक्या भाषेतली भराभर वाक्यं, मधेच मधुराचं कण्हणं. मग तेही येईना. कमलताईंची माळ थांबली. सोनाबाईंनी माझं मनगट धरलं, बांगड्या रुतेपर्यंत.

मालिका थांबून जाहिराती लागल्या. टीव्हीवर एक बाई टबात बाळाला न्हाऊ घालत होती.

आणि बाळ रडलं.

यांनी दचकून टीव्हीकडे पाहिलं, मग फोनकडे, मग माझ्याकडे.

"साबणाची जाहिरात आहे ती," कमलताई हलकेच म्हणाल्या. "धीर धर."

मी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

रडणं थांबलं नाही.